खोडून उरलेला दादा

आधीच माफी मागते. माझं अक्षर म्हणजे शाईत पाय बुडवून कोंबडी चालत गेल्यासारखं आहे, आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आयुष्यात कधी जमलं नाही. शाळा चौथीपर्यंतच झाली. कुणी वाचावं म्हणूनही हे लिहीत नाही. दादाच्या स्मरणार्थ चर्चमध्ये उपासना झाली तेव्हा पाळकसाहेब म्हणाले, "बहिणीनं उठून दोन शब्द साक्ष द्यावी." मी उभी राहिले, पदर सारखा केला आणि परत खाली बसले. बायकांना वाटलं, बिचारीला दुःखानं बोलता येत नाही. दुःख होतंच. पण राग त्याहून जास्त होता, आणि रागाची साक्ष मंडळीत कशी द्यायची ते मला कुणी शिकवलेलं नाही. शिवाय माझ्यात होतं नव्हतं तेवढं बोलणं त्याच्या मातीच्या दिवशीच संपलं होतं. आज पाच आठवडे झाले. राग थोडा खाली बसलाय, म्हणून लिहिते.

दादा गेला तो मंगळवारी सकाळी. पिंपळे गुरवला ज्यांच्याकडे मी भांडी करते त्यांच्या बेसिनपाशी उभी होते, हात कोपरापर्यंत साबणात. वहिनीचा फोन. "बेबीताई, या. दुसरा झटका आला… गेले हो तुमचे दादा." अशा वेळी माणूस काय विचारतं, तर मी विचारलं, "नाष्टा झाला होता का त्याचा?" वहिनी म्हणाल्या, "अर्धी चपाती." डोळ्याला पाणी आलं हे खरं, पण त्याच्याही आधी मनात आलं ते लिहायला लाज वाटते. मनात आलं, बघा, हेही अर्धवटच टाकून गेला!

दादा म्हणजे शमुवेल, माझ्याहून सात वर्षांनी मोठा. चाकणला गाड्यांचे शाफ्ट बनवणाऱ्या एका कंपनीत एकतीस वर्षं तपासणी खात्यात होता. तिथं गेज नावाची वस्तू असते. तयार झालेला भाग त्यात बरोबर बसला तर हिरवं लेबल, नाही बसला तर लाल. 'साधारण बरा आहे, चालवून घ्या' असलं काही तिथं नसतं. हीच सवय तो घरात आणायचा. वहिनींची चपाती जाड झाली की ताटाकडे बघून म्हणायचा, "लाल." माझं लग्न ठरत होतं तेव्हा मुलगा बघून आला आणि आईला म्हणाला, "काही बघू नको, हिरवा आहे." तो हिरवा माणूस पुढं किती प्यायला… जाऊ द्या. तोही आता नाही.

या पिणाऱ्या माणसामुळेच मी माझे पैसे दादाकडे ठेवायला द्यायची. घरात ठेवले तर राहत नसत. मला मोटारीची शिलाई मशीन घ्यायची होती, साड्यांना फॉल-पिको करायची. लोकांची भांडी सोडून स्वतःच्या दारात बसून काम करावं एवढंच माझं मागणं होतं. चार वर्षांत बावीस हजार साठले. पिंपरीत मशीन बघून ठेवली. रविवारी उपासना झाली की दादानं आणि मी परस्पर दुकानात जायचं ठरलं. पैसे दादाच्या शर्टाच्या खिशात होते. नेमका तो रविवार कापणीच्या सणाचा निघाला. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते, वर्षातून एकदा आमच्या मंडळीत शेतातलं, परसातलं, नाहीतर सरळ मंडईतलं काहीतरी आणून देवापुढे ठेवतात आणि उपासना संपल्यावर त्याचा लिलाव करतात. दहा रुपयांची मेथी पाचशेला जाते. पैसा मंडळीच्या कामाला लागतो, थट्टामस्करी होते, लहान-थोर सगळे हसतात. त्या वर्षी राजगुरुनगरकडच्या एकांनी आपल्या शेतातला एक मोठा लाल भोपळा आणला होता.

भोपळ्यावर मंडळीचे खजिनदार बोली लावायला लागले आणि दादाही लागला. पुढच्या महिन्यात मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंचांची निवडणूक होती आणि दोघंही उभे राहणार होते, हे सगळ्यांना माहीत होतं. पाच हजारांपर्यंत लोक हसत होते. दहाला टाळ्या पडल्या. पंधरानंतर कुणी हसेना, सगळे माना वळवून इकडून तिकडे बघायला लागले. मी बायकांच्या बाजूला सतरंजीवर बसले होते. खजिनदार म्हणाले, "एकवीस." सगळी मंडळी श्वास धरून बसली, आता दादा कुठं थांबतो म्हणून. तो कुठं थांबणार हे तिथं फक्त मला माहीत होतं, कारण त्याच्या खिशात किती आहेत ते मला माहीत होतं. "बावीस!" दादा म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं, "शाब्बास शमुवेलभाऊ!" खजिनदारांनी हात जोडले.

उठून 'थांबा, ते माझे पैसे आहेत' म्हणायला काय लागतं? माझ्यासारखीला फार लागतं. मी बसून राहिले. बाहेर आल्यावर दादा भोपळा काखेत धरून माझ्यापाशी आला. "बेबी, रागावू नको. देवाच्या कामाला गेले. तो तुला दहापट देईल."

"कधी?" मी विचारलं.

"असं विचारतात का देवाला?"

तेवढंच बोलणं झालं, आणि नंतर बारा वर्षं त्याचा विषय निघाला नाही. दादा पंच झाला. वहिनींनी अर्धा भोपळा कापून मला दिला, म्हणजे अकरा हजार परत आले असं समजायला हरकत नव्हती. भाजी केली, घारगे केले, शेजारी वाटला. मशीन दुकानातून दुसऱ्या कुणीतरी नेली. मी भांडी घासत राहिले.

तसा दादा वाईट नव्हता. माझ्या नवऱ्याच्या दवाखान्यात रात्रपाळी करून यायचा आणि स्टुलावर बसून डुलक्या घ्यायचा. पण चांगलं केलेलं तो विसरत नसे, दुसऱ्यालाही विसरू देत नसे. निवृत्त झाला, पुनावळेला दोन बेडरूमचा फ्लॅट झाला, आणि दीड वर्षापूर्वी अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला, तोंड थोडं वाकडं झालं, बोलणं मात्र शाबूत राहिलं. मला फोन केला, "रविवारी दुपारी येत जा. लिहायचं काम आहे."

काम कसलं, तर त्याचं स्वतःचं जीवनवृत्त. आमच्यात माणूस गेला की मातीच्या आधी त्याचं जीवनवृत्त वाचतात. जन्म कधी, बाप्तिस्मा कधी, नोकरी कुठं, मंडळीत काय सेवा केली. घाईगडबडीत कुणीतरी लिहितं आणि चुका राहतात. दादाला हे आयुष्यभर खटकायचं. म्हणून आपलं आपणच तयार करून ठेवायचं त्यानं ठरवलं. मी म्हटलं, "मला चौथीवालीला कशाला? वहिनींना सांग." तर म्हणाला, "सरोज लिहिताना मध्ये बोलते. तू बोलत नाहीस."

मग मी पिंपळे गुरवहून डांगे चौक, तिथून शेअर रिक्षा करून दर रविवारी पुनावळेला जायची आणि तो खुर्चीत बसून सांगायचा. आयटीआयला पहिला नंबर. एकतीस वर्षांत एकदाही उशिरा हजेरी नाही. उत्तम तपासनीस म्हणून तीनदा शील्ड. स्वतःचा फ्लॅट. मुलगा इंजिनियर, बेंगलोरला. नऊ वर्षं पंच. कापणीच्या सणात मंडळीतली आजवरची सर्वांत मोठी बोली. मध्येच कागद डोळ्यांजवळ नेऊन म्हणायचा, "बेबी, 'परीक्षा'ची री दीर्घ. किती वेळा सांगू?" एकदा माझ्या तोंडातून निघून गेलंच, "तुझ्या आयटीआयची फी भरता यावी म्हणून मला चौथीतून काढून कामाला लावलं आणि आता माझ्या वेलांट्या मोजतोस?" त्यावर तो एवढंच म्हणाला, "लिही पुढं." पण खरं ते सांगितलं पाहिजे. चौथीनंतर मला कुणी शुद्धलेखन शिकवलं असेल तर त्यानंच, त्या दुपारी.

दोन पानं भरली. मला वाटलं सुटले. तेवढ्यात पाळकसाहेब त्याला भेटायला आले. त्यांना दोन्ही पानं वाचून दाखवली. ते म्हणाले, "छान आहे शमुवेलभाऊ. पण माणूस कृपेनं तरतो, कामांच्या यादीनं नाही." एवढं गोड बोलून, चहा पिऊन ते निघून गेले. भोगलं आम्ही.

पुढच्या रविवारी गेले तर दादानं कागद पुढं सरकवला. "गेज लावायचा," म्हणाला. एकेक गोष्ट वाचायची आणि तो ठरवणार, हे देवासाठी केलं की आपल्या नावासाठी. नावासाठी असेल तर लाल.

"उशिरा हजेरी नाही… लाल. सुपरवायझर व्हायचं होतं म्हणून वेळेत जायचो. खोड."

मी खोडलं.

"शील्ड. खोड. दुसऱ्याच्या चुका पकडून मिळाल्या त्या. फ्लॅट. खोड."

आतून वहिनी बाहेर आल्या, हाताला कणीक. "अहो, फ्लॅट का खोडताय? निम्मे हप्ते मी कामगारांचे डबे करून भरलेत!"

"मग तो तुझ्या कागदावर लिही."

"माझा कागद कोण लिहिणार? बेबीताईंना तुमचंच पुरे झालंय!"

मुलगा इंजिनियर झाला तेही खोडलं, कारण शेजाऱ्यापेक्षा आपला मुलगा पुढं जावा एवढंच मनात होतं म्हणे. नऊ वर्षांचं पंचपण खोडलं, त्याचं कारणसुद्धा सांगितलं नाही, नुसता डावा हात हलवला. माझा जीव मेटाकुटीला आला. बारा रविवार ये-जा करून, मान मोडून लिहिलेलं एकाच दुपारी खोडायचं! मी म्हटलं, "दादा, अरे एवढं सगळंच लाल, मग माणूस जगला कशाला?" तो म्हणाला, "तेच तर बघतोय." घाबरला होता तो. तोवर मला वाटत होतं हा नेहमीचा हट्ट आहे. त्या दिवशी कळलं, देवासमोर जाताना हातात एक तरी हिरवी गोष्ट असावी म्हणून हा माणूस चाचपडतोय.

आणि मग भोपळा आला. मी वाचलं, "कापणीच्या सणात सर्वांत मोठी बोली." पेन टेकवून थांबले, आता खोड म्हणेल म्हणून. दादाचा चेहरा उजळला. "हे राहू दे," म्हणाला. "हे हिरवं. हे मात्र देवासाठी होतं."

मी पेन खाली ठेवला.

"दादा, ते पैसे कुणाचे होते?"

"देवाचे. सगळं त्याचंच असतं."

"साठवलेले माझे होते. देव भांडी घासायला आलेला मी कधी बघितला नाही."

वहिनींनी आतला मिक्सर बंद केला. दादा माझ्याकडे बघतच राहिला, जसं काही टेबल किंवा खुर्ची बोलायला लागली. मी चप्पल घातली आणि निघून आले. तीन रविवार गेले नाही. चौथ्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "या बाई एकदाच्या. धड जेवत नाहीत. 'माझी एकच गोष्ट पास झाली होती, तीही बेबीनं रिजेक्ट केली' असं म्हणत बसतात. मी काय करू सांगा?"

गेले. दादानं आधीच सगळं ठरवून ठेवलं होतं. येत्या रविवारी मुलाला बोलावून घ्यायचं, त्याच्या खांद्यावर हात टाकून मंडळीसमोर उभं राहायचं, भोपळ्याची सगळी हकिकत सांगायची आणि क्षमा मागायची. "सगळ्यांसमोर साक्ष देतो, बेबी. काही लपवत नाही."

मला इतका वैताग आला म्हणून सांगू! मी म्हटलं, "साक्ष नको, पैसे दे."

"अगं, मी गुडघे टेकतो म्हणतोय…"

"टेकशील. आणि टाळ्या पुन्हा तुलाच पडतील. अर्धांग झालेला माणूस उभा राहून कबुली देतोय म्हटल्यावर खजिनदारसुद्धा रडतील. मी तेव्हाही खाली सतरंजीवर आणि आताही खाली सतरंजीवर."

दादाचं वाकडं तोंड हलायला लागलं. मला वाटलं रडतोय. तो हसत होता. "पेन्शन किती येते माहितीये का तुला?"

"माहितीये. महिन्याला दोन हजार दे. हळूहळू फेड."

आतून वहिनी म्हणाल्या, "आणि गोळ्या कशातून आणायच्या?" पण त्यांनीच उठून कपाटातून दोन हजार काढून त्याच्या डाव्या हातात दिले आणि त्यानं ते माझ्यापुढं धरले. "आता मशीन घेशील?" त्यानं विचारलं. मी खरं ते सांगितलं. "आता सुईत दोरा जात नाही, दादा. डोळे गेले." काही गोष्टी उशिरा आल्या की नुसत्या येतात, उपयोगी पडत नाहीत. तरी मी पैसे घेतले. दर महिन्याला घेतले. 'राहू दे आता, झालं' असं म्हणायला हवं होतं कदाचित. चांगली बहीण म्हणाली असती. मी म्हटलं नाही, कारण दर महिन्याला ते दोन हजार देताना दादाचं मन जरा हलकं व्हायचं. आणि मला ते हवेही होते. दोन्ही खरं आहे.

चूक केली ती त्यानं पहिल्याच दिवशी. भोपळ्याची ओळ मला खोडायला लावली आणि खाली लिहायला सांगितलं, "धाकटी बहीण बेबी हिचे बावीस हजार रुपये परत केले." मी म्हटलं, "अरे, आज कुठं दोनच दिलेस. कंपनीत असं चालायचं का? माल तपासायच्या आधीच लेबल?" तो म्हणाला, "नाही चालायचं. पण तू लिही. लिहिलेलं असलं की मला द्यावंच लागेल." त्याच्यापुढं कुणाचं चाललंय? लिहिलं. दहा महिने त्यानं एकदाही चुकवलं नाही. अकराव्या महिन्याची पेन्शन यायची होती आणि मंगळवारी सकाळी अर्धी चपाती ठेवून तो गेला.

मी पुनावळेला पोचले तेव्हा हॉल माणसांनी भरला होता. दुपारपर्यंत मुलगा विमानानं आला, शवपेटी आली. दादाला कंपनीतून निवृत्त होताना शिवलेला कोट घातला होता. खजिनदार एका कोपऱ्यात रुमाल धरून उभे होते. घरची प्रार्थना सुरू करायच्या आधी पाळकसाहेबांनी वहिनींकडे जीवनवृत्त मागितलं. वहिनींनी कपाटातून तो कागद काढून दिला. साहेबांनी चष्मा लावला. जन्म, बाप्तिस्मा, लग्न… मग नुसत्या आडव्या रेघा, आणि खाली एक ओळ. त्यांनी दोन्ही पानं उलटून बघितली, पाठी कोऱ्या होत्या. हळूच वहिनींना म्हणाले, "हे एवढंच वाचायचं?"

"एवढंच ठेवलंय त्यांनी," वहिनी म्हणाल्या. "वाचा."

साहेब घसा खाकरून उभे राहिले. सगळे शांत झाले. आता तो कागद वाचला जाणार आणि त्यावरची एकुलती एक गोष्ट खोटी निघणार, हे तिथं फक्त मला आणि वहिनींना माहीत होतं. वहिनी रडण्यात होत्या. दादानं आयुष्यभर एक भाग चुकीचा पुढं जाऊ दिला नाही, आणि देवासमोर तो हाच घेऊन जाणार… मी कधी उभी राहिले ते मला कळलं नाही.

"साहेब, थांबा. ते अजून खरं नाही. दोन हजार राहिलेत."

हॉलमधली सगळी डोकी माझ्याकडे वळली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं मला. वहिनींनी डोळ्यांवरचा पदर काढला.

"आत्ता? बेबीताई, आत्ता?"

"वहिनी, मला नकोत. पण मग ती ओळ खोडा."

"खोडा? ती खोडली तर राहिलं काय कागदावर?" वहिनींचा आवाज चढला. "आयुष्यभर यांनी छळलं, आता तुम्ही छळा! दोघं बहीण-भाऊ एकाच मापाचे!" आणि तशाच तरातरा स्वयंपाकघरात गेल्या. डब्यांचे पैसे ठेवायचा स्टीलचा डबा आपटल्याचा आवाज आला. बाहेर आल्या तर हातात पन्नासच्या, शंभरच्या नोटा, पिठाचे डाग पडलेल्या. पेटीच्या कडेशी उभं राहून त्यांनी त्या एकेक करून माझ्या हातावर मोजल्या, सगळ्यांना ऐकू जाईल अशा. शेवटची ठेवली आणि दादाच्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, "दिले हो सगळे."

मी नोटा पदराच्या टोकाला बांधल्या, गाठ मारली आणि पाळकसाहेबांना म्हटलं, "आता वाचा."